तीन नारळांचा पूल

"भंडारा उचला! वाडीची तीनशे बारा मतं माझीच, असं देवासमोर बोला. नाहीतर तुमचा पूल गेला शेजारच्या वाडीला!"

लोकसभेच्या प्रचाराला निघालेल्या खासदार विश्रामरावांनी कळकवाडीच्या खंडोबासमोर गाडी थांबवली आणि थेट असं फर्मान सोडलं. एका पक्षाने आदल्या आठवड्यात घरोघर कुकर वाटले होते, दुसऱ्याने तमाशाचा फड आणला होता. वाडीने कुकरमध्ये भात शिजवला, तमाशाला शिट्ट्या मारल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. पण विश्रामराव जुने खेळाडू! माणूस कुकर घेऊन विसरतो, भंडारा उचलून घेतलेली शपथ मात्र मोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वाडी चांगलीच कात्रीत सापडली. शपथ घ्यावी तर हात बांधले जाणार, नाही म्हणावं तर पूल जाणार. इकडे आड, तिकडे विहीर! आणि पूल तर हवाच होता. पावसाळ्यात ओढा फुगला की पलीकडे जायची सोय नसायची. देवळाची झाडलोट करणाऱ्या हौसा गुरविणीला तर घोरच लागला होता. तिची सून आषाढात बाळंत होणार होती आणि दवाखाना होता ओढ्यापलीकडे.

सरपंच पागोटं खाजवत बसले. भंडाऱ्याची वाटी हौसाच्याच हातात होती. ती पुढे आली.

"मतं देते की, साहेब! पण तुमी पूल दिला ना, त्याच रीतीनं देनार. काडीनं कमी न्हाई, काडीनं जास्त न्हाई!"

"शाब्बास!" विश्रामराव खूश झाले. "दे, दे!"

"मग चला वड्यावर."

सगळा जथा ओढ्यावर गेला. तिथे काठाला पुलाच्या तीन कोनशिला उभ्या होत्या. पंधरा वर्षांत तीन निवडणुका झाल्या, दर निवडणुकीआधी विश्रामरावांनी एक नारळ फोडला आणि एक कोनशिला बसवली. पहिली कलंडली होती. तिच्यावर बायका धुणं आपटत, त्यामुळे 'शुभारंभ' एवढंच काय ते वाचता यायचं. दुसरीला लोक शेरडं बांधत. तिसरी तेवढी अजून चकचकीत होती, तिच्यावरचं विश्रामरावांचं नाव ठळक दिसत होतं.

हौसाने कोळसा घेतला आणि तिसरीच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मा. विश्रामराव यांना तीनशे बारा मतं देण्याच्या कामाचा शुभारंभ'. मग तिने कुदळीचा एक घाव घातला, नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि म्हणाली, "वाजवा टाळ्या!"

वाडीने हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

"झालं, साहेब!"

"काय झालं?"

"मतांचं भूमिपूजन!"

"आणि मतं?"

"मंजूर हायेत की! फाईल वर गेलीय. काम लौकरच सुरू हुईल."

कुणाला तरी हसू आवरलं नाही. विश्रामरावांचा चेहरा लालबुंद झाला.

"थट्टा करतेस माझी? नुसत्या नारळानं कुठं मतं मिळतात?"

"धीर धरा की, साहेब! पुलाला तीन नारळ झाले, आमी काय बोललो का? मतांना तर आज पैलाच हाय!"

कार्यकर्ते आपापल्या चपलांकडे बघू लागले. आणि मग विश्रामरावांचं पोट गदगदलं, मिशा हलल्या आणि ते असे खदखदा हसले की शेरडं बिचकली! पण खेळाडू जुना होता, डाव सहज सोडणारा नव्हता. डोळे पुसत ते म्हणाले, "बाई, आजच्या आज बांधला असता गं पूल. पण काय करू? आचारसंहिता लागलीय. नवीन काम सुरू करता येत नाही!"

"नवीन?" हौसाने तिन्ही कोनशिलांकडे बोट दाखवलं. "तीन डाव सुरू झालंय की हे काम! आता फकस्त करायचं ऱ्हायलंय."

प्रचाराच्या मागच्या गाडीत पुलाचा ठेकेदार पेंगत होता. विश्रामरावांनी त्याला खाली उतरवलं. "मतदानाला महिना आहे. त्याआधी इथं फरशी पूल झालेला दिसला पाहिजे!"

आणि झाला की! फीत नाही, भाषण नाही, नारळसुद्धा नाही. मतदानाच्या चार दिवस आधी विश्रामराव स्वतः पूल ओलांडून वाडीत आले. म्हणाले, "हौसाबाई, शब्द पाळला. आता तरी उचल भंडारा!"

हौसाने चिमूटभर भंडारा घेतला आणि त्यांच्याच कपाळाला लावला.

"आता शपथ कशाला, साहेब? शपथ लागती न केलेल्या कामाला!"

विश्रामराव इतके हसले की फेटा दोन्ही हातांनी सावरावा लागला. "हरलो बाई, हरलो! माग, काय हवं ते माग!"

"त्या तीन कोनशिला वाडीला देऊन टाका. धुन्याला एकच दगड पुरत न्हाई."

तिन्ही शिला तिथल्या तिथे उपटून पाण्याकडेला आडव्या मांडल्या गेल्या. आषाढात ओढा फुगला तरी सून पूल ओलांडून वेळेत दवाखान्यात पोहोचली, आणि हौसाच्या नातीची पहिली दुपटी विश्रामरावांच्या नावावर आपटून स्वच्छ निघाली!