उपाशी दारं आणि वाढती चौकट

फार पूर्वी, लाकडालासुद्धा भूक लागायची तेव्हाची ही गोष्ट. जुन्या घरातली दोन सरकती दारं, थोरली आणि धाकटी बहीण, एका नव्या कपाटाला बसवायला आणली, तर दोघी चौकटीपेक्षा बोटभर उंच निघाल्या.

"उद्या सकाळी तळातून कापते," करवत म्हणाली.

धाकटीच्या तर तळाशीच वेल कोरलेली होती. ती थोरलीला म्हणाली, "आपण उपास धरू, म्हणजे कमी होऊ."

"उपासानं कंबर उतरते बायांनो, उंची नाही," करवत हसली.

तरी दोघींनी देवाचं नाव घेऊन उपास धरला. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेतली, तर चौकट टक लावून बघत होती.

"पोरी, तू जेवलीस का?" धाकटीनं विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही, मावशी. कालच तर जन्मले."

धाकटीनं आपली ताटली तिच्यापुढे सरकवली, मग थोरलीनंही. चौकटीनं दोन्ही चाटूनपुसून साफ केल्या.

सकाळी पाहतात तर काय, वाढत्या वयाची पोर बोटभर उंच झालेली. दोघी अलगद आत सरकल्या, वेलीसकट.

करवत कपाटापाशी आली. मग हळूच म्हणाली, "खिचडी उरली असेल तर..."

धाकटी जराशी बाजूला सरकली. "ये, कढईतली खरवड तुझ्यासाठीच ठेवलीय."