महाराजांच्या पायात बांगडी

“ही बांगडी माझ्या पायात भर!” रणधीरराव महाराजांनी गोजरा कासारणीला फर्मावले आणि उजवा पाय तिच्यापुढे चौरंगावर ठेवला.

गोजरा राणीसाहेबांना हिरवा चुडा भरायला राजवाड्यात आली होती. समोर पाय पाहून ती दचकलीच.

“महाराज, बांगडी हातात भरतात.”

“लोक अडाणी म्हणून! आजच राजवैद्यांनी सांगितलं. हाताला पाच बोटं, पायालाही पाच. अंगठ्यात दोन हाडं, बाकीच्या बोटांत तीन-तीन. इथंही तेच, तिथंही तेच. काय वैद्यबुवा?”

“होय महाराज, पण—” शेजारी उभे असलेले राजवैद्य सांगू लागले.

“झालं तर मग!” महाराजांना कुठलीही गोष्ट अर्धी कळली की पुरे होई, उरलेल्या अर्ध्याची भरपाई ते हुकमाने करीत. “हात आणि पाय सख्खे भाऊ! एकाला चढतं ते दुसऱ्याला चढलंच पाहिजे. बांगडी चढली नाही किंवा फुटली, तर वाड्याच्या दारातलं तुझं दुकान उद्यापासून बंद!”

“अहो, काहीतरीच काय!” राणीसाहेब म्हणाल्या. पण हुकूम सुटला होता.

त्या दुकानावर गोजराचे घर चालत होते. तिने पायाकडे पाहिले. टाच चांगली उखळाच्या बुडासारखी. मग तिने बांगडीकडे पाहिले आणि पदर खोचला.

“भरते, महाराज. पण दोघं भाऊ म्हणता, तर थोरल्याचा मान आधी. हात द्या.”

महाराजांच्या हातात बांगडी! दाराशी उभ्या असलेल्या सरदारांनी घाईघाईने छत न्याहाळायला सुरुवात केली.

“हात ढिला सोडा. अंगठा आत, करंगळीकडे घ्या. अस्सं!” गोजराने हाताची हाडे अलगद चेपली आणि बांगडी सर्रकन मनगटावर गेली.

“बघा! जरासुद्धा दुखलं नाही!” महाराज खूश झाले. “आता पाय!”

“आता पाय. ढिला सोडा. अंगठा आत, करंगळीकडे घ्या.”

महाराजांनी जोर लावला. अंगठा वर झाला, खाली वाकला. पण शेजारच्या बोटांची रांग सोडून आत काही येईना. महाराजांचा चेहरा लाल झाला. सरदारही जोड्यातल्या जोड्यात प्रयत्न करू लागले आणि तोल जाऊन दाराला धडकले.

“घ्या ना, महाराज. गिऱ्हाइकानं एवढं तरी करायचं असतं!”

शेवटी महाराजांनी वाकून दोन्ही हातांनी अंगठा धरला आणि ओढू लागले.

“हे चालायचं नाही!” गोजरा कडाडली. “हाताचा अंगठा आपला आपण आत आला. त्याला ओढायला पाय धावून नव्हता आला!”

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. महाराज अंगठा धरूनच असे हसत सुटले की मनगटावरची बांगडी चौरंगावर किणकिण वाजू लागली.

“वैद्यबुवा, हे आधी का नाही सांगितलंत?”

“‘पण’पर्यंत पोचलो होतो, महाराज.”

“गोजरा, दुकान तुझंच! वर चांदीचे तोडे बक्षीस. पायात घालून मिरव!”

गोजराने लवून मुजरा केला.

“फिरकीनं उघडणारे द्या, महाराज. माझाही पाय महाराजांच्या पायाइतकाच हट्टी आहे!”

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. तोडे आले, ते फिरकीचेच.