राईतल्या वहाणा

एकदा एका कोकणी गावाच्या देवराईत एक वृद्ध वैद्य चक्क पायात वहाणा घालून शिरले, आणि सारा गाव हादरला.

त्या गावाला एकाच गोष्टीचा भारी अभिमान होता. देवीच्या राईत पिढ्यानपिढ्या कुणी वहाण घालून पाऊल ठेवले नव्हते. स्वतः वैद्यबुवा साठ वर्षे तिथे अनवाणीच औषधी गोळा करीत आले होते. पण त्या वर्षी, शिमगा महिन्यावर आला असताना, राईत नैवेद्य दाखवून आलेल्या, पालखीला खांदा देणाऱ्या सहाही जणांच्या तळपायांवर नागमोडी लाल रेघा उमटल्या. खाजवून खाजवून पाय चिघळले, धड उभे राहवेना. गाव 'देवीचा कोप' म्हणून मोकळा झाला. यंदा पालखी उठणार नाही, असे जवळजवळ ठरलेच.

आणि अशा वेळी बुवांच्या पायात वहाणा! मागून अनवाणी येणारा शिष्य तर लाजेने अर्धा झाला. पालखीचा मानकरी बाबी घाडी दुखऱ्या पायांनी आडवा आला. "बुवानू, साठ वर्सां अनवाणी इलात, आणि आज ह्या काय आरंभलात?"

बुवा म्हणाले, "बाबी, तुझ्या पायावरची रेघ कालपेक्षा बोटभर पुढे सरकली आहे. कोप असा रोज बोटभर सरकत नाही. कातडीखाली अळी चालते आहे. आपण नैवेद्य जमिनीवर मांडतो आणि मागे वळून न पाहता घरी जातो, तशी चालच आहे. मागे कुत्री जेवतात, सावलीला लोळतात, इथेच घाण करतात. त्या घाणीतली अंडी ओल्या मातीत फुटतात आणि अळी उघड्या पायात शिरते. मी वैद्य असूनही कधी मागे पाहिले नाही, याची मला लाज वाटते. तुमच्या पायांना औषध देतो. पण ही माती स्वच्छ होईपर्यंत माझ्या वहाणा निघणार नाहीत."

त्या वर्षी पालखी उठली, पण वहाणा घातलेल्या पायांनी. बाबीची मान शेवटपर्यंत वर झाली नाही.

ती सल गावाला लागली. राईची वरची माती खरवडून काढली गेली. भोवती चिऱ्यांचा गडगा उभा राहिला, त्याला फाटक लागले. नैवेद्य चौथऱ्यावर दाखवून लगेच घरी नेण्याची रीत पडली. झाडलोटीला घराघराची पाळी लागली आणि पहिली पाळी मानकऱ्याने हट्टाने स्वतःकडे घेतली.

पुढच्या शिमग्याला बाबी फाटकात छाती काढून उभा होता. "बुवानू, आता काढा व्हाणा. अनवाणी पाय माझो मी आधी आत ठेवलंय."

बुवांनी वहाणा काढल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ढोल कडाडले आणि सहा खांद्यांवर पालखी अनवाणी निघाली.

शिष्याने हळूच विचारले, "गुरुजी, आता गावाने अभिमान धरला तर?"

"धरू दे की! आता तो कमावलेला आहे. मीही धरतो आहे."

शिष्याने त्या दिवशी प्रथमच राईतून निघताना मागे वळून पाहिले. झाडलेल्या मातीवर फक्त माणसांची पावले उमटली होती.