उजेड न सोडणारं प्रथिन

“मग पेशी का मरतात, बाई?”

शार्दूलने पुन्हा तेच विचारलं.

इंदुबाई तळ्याकाठच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. जन्मभर त्यांनी जीवशास्त्र शिकवलं, आता या तळ्यापाशी राहत होत्या. अडलेले जुने विद्यार्थी इथे येत. शार्दूल मात्र ‘अडलो’ म्हणणाऱ्यांतला नव्हे. हत्ती गेला, शेपूट तेवढं राहिलंय, असं म्हणतच तो आला होता.

“काय केलंस ते सांग.”

“शेवाळातल्या एका प्रथिनाला उजेड कळतो. सगळ्या प्रथिनाला नाही, त्याच्या एका इवल्या भागाला. उजेड पडला की तो भाग वळतो आणि पेशीला निरोप जातो, कामाला लाग.”

“आणि अंधार झाला की?”

“पुन्हा सैल पडतो. ढिला कारभार! मी तेवढं बंद केलं. माझा भाग एकदा उजेड लागला की वळलेलाच राहतो. शेवाळापेक्षा माझा सरस आहे, बाई.”

“आणि पेशी?”

“...आधी जोमात असतात. मग मरतात.” त्याचा आवाज खाली आला. “प्रबंध द्यायचाय. त्या जगल्या नाहीत, तर एवढी वर्षं पाण्यात.”

गर्विष्ठ माणूस रडवेला झाला की फार लहान दिसतो. बाईंना तर त्याची दयाच आली.

त्यांनी तळ्याकडे बोट केलं. ऊन कललं होतं. तळ्यावर सगळीकडे सोनेरी चुरा पसरला होता, काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

“पाणी दिसतंय?”

“हो.”

“बघत राहा. पापणी लवू देऊ नकोस.”

तो बघत राहिला... आधी लाटा होत्या. मग नुसतं सोनं उरलं. मग तेही डोळ्यांत भरून वाहायला लागलं. तळं गेलं, काठ गेला, शेजारच्या बाईही गेल्या...

त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता. मघापासून तिथेच असावा.

“का मिटलेस?”

“काही दिसेचना, बाई...”

बाई हसल्या. पदराच्या टोकाने त्यांनी त्याचे गाल पुसले.

“मग त्या बिचाऱ्या पेशींची पापणी का कापलीस?”