तिरकोबाचा वाटा

वाळूत एक भोक होतं. भोकात एक खेकडा होता. एवढुस्सा! तुमच्या अंगठ्याएवढा. त्याचं नाव तिरकोबा. कारण तो सरळ कधी चालायचाच नाही. तुरूतुरू, तुरूतुरू, तिरका तिरका!

तिरकोबाला एक शब्द फार आवडायचा. कित्याक? म्हणजे, का? लाट आली, कित्याक? लाट गेली, कित्याक? लाटसुद्धा कंटाळायची हो!

त्या किनाऱ्यावर रोज सकाळी रापण लागायची. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात सोडायचं. मग सगळ्यांनी मिळून दोरीनं ओढायचं. जो दोरी ओढेल, त्याला मासळीचा वाटा. मग तो कोणी का असेना! तिरकोबा काही दोरी ओढायचा नाही. वाळूत सांडलेली मासोळी मटकावायचा आणि भोकात पळायचा.

एक दिवस काय झालं? रापण आलीच नाही. वाळूत मासोळी नाही. पोटात गुडगुड, गुडगुड.

"कित्याक?" तिरकोबा म्हणाला. आणि निघाला बघायला. तुरूतुरू, तिरका तिरका!

रापणीचे पुढारी होते बाबलकाका. ते जाळं मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबलकाका, बाबलकाका, आज रापण कित्याक नाय?"

"फाटली रे बाबा! ह्यां बघ भोक. दोरो हाड, मगे शिवतंय."

तिरकोबा दोरा आणायला दुकानात गेला. तुरूतुरू, तिरका तिरका!

"गोपूशेट, गोपूशेट!
फाटली रापण, दोरो नाय.
माका मासो नाय!
दोरो दी!"

"देतंय की," गोपूशेट म्हणाले. "पण माका घाटावर खारो बांगडो पाठवूचो आसा. खारो बांगडो हाड, मगे दोरो."

तिरकोबा इंदूकाकीकडे गेला. ती मासे खारवायची. तुरूतुरू, तिरका तिरका!

"इंदूकाकी, इंदूकाकी!
फाटली रापण, दोरो नाय.
दोऱ्याक खारो बांगडो नाय.
माका मासो नाय!
खारो बांगडो दी!"

"बांगडे आसत रे बर्फात," इंदूकाकी म्हणाली. "पण मीठ संपला. मीठ हाड, मगे खारवतंय."

तिरकोबा मिठागरात गेला. तिथे दाजी होते. आणि मिठाचे पांढरे पांढरे ढीग! तुरूतुरू, तिरका तिरका!

"दाजी, दाजी!
फाटली रापण, दोरो नाय.
दोऱ्याक खारो बांगडो नाय.
बांगड्याक मीठ नाय.
माका मासो नाय!
मीठ दी!"

"मीठ ढीगभर आसा," दाजी म्हणाले. "पण न्हेतलंस कशात? नांगयेत? टोपली हाड, मगे मीठ."

तिरकोबा तानीमावशीकडे गेला. ती बांबूच्या टोपल्या विणायची. तुरूतुरू, तिरका तिरका! पाय दुखले, आठच्या आठ.

"तानीमावशी, तानीमावशी!
फाटली रापण, दोरो नाय.
दोऱ्याक खारो बांगडो नाय.
बांगड्याक मीठ नाय.
मिठाक टोपली नाय.
माका मासो नाय!
टोपली दी!"

"टोपली तयार आसा," तानीमावशी म्हणाली. "पण माका ताजो बांगडो होयो. ताजो बांगडो हाड, मगे टोपली."

ताजा बांगडा? तिरकोबाचे डोळे गरगर फिरले. बर्फातला तर शिळा. ताजा बांगडा असतो रापणीतच. आणि रापण? रापण तर फाटली!

म्हणजे फिरून फिरून पुन्हा तिथेच की! तिरकोबा अगदी रडकुंडीला आला. पोटात गुडगुड, गुडगुड. मग त्याला आपला शब्द आठवला.

"तानीमावशी, आधी बांगडो कित्याक? आधी टोपली, मगे बांगडो. असा कित्याक नाय?"

तानीमावशीनं विणणं थांबवलं. असं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"पण तू बांगडो खंयचो देतलंस?"

"मी दोरी ओढतलंय! माका वाटो मेळतलो. तो तुका!"

तानीमावशी खो खो हसली. एवढुस्सा खेकडा, आणि दोरी ओढणार! पण टोपली तिनं दिली.

आणि टोपली चालली! टोपलीला पाय नव्हते. तरी चालली. तीही तिरकी तिरकी! खाली कोण होतं, सांगा बघू?

दाजींनी टोपलीत मीठ ओतलं. धबाक! सायकलवर बांधलं. टिंग टिंग, टिंग टिंग!

इंदूकाकीनं बांगडे खारवले. उन्हात वाळत टाकले. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तिरकोबा कावळे हाकत बसला. हूश! हूश! वाळले एकदाचे.

गोपूशेटनी खारे बांगडे घेतले. दोरा दिला. सुर्र, सुर्र!

बाबलकाकांनी रापण शिवली. टाका, टाका, टाका. भोक गेलं! आणि रापण समुद्रात. छपाक!

"ओढा रे, ओढा!"

बाबलकाका आले, गोपूशेट आले, इंदूकाकी आली, दाजी आले, तानीमावशी आली. तिरकोबानं नांगीनं दोरी धरली. घट्ट! वाळूतून फराफरा ओढला गेला. नाकातोंडात वाळू. पण सोडली नाही.

रापण आली! बांगडेच बांगडे! फडफड, फडफड!

बाबलकाकांनी वाळूवर वाटे घातले. गोपूशेटचा वाटा. इंदूकाकीचा वाटा. दाजींचा वाटा. तानीमावशीचा वाटा. संपले वाटे.

"माझो वाटो?" बारीक आवाज आला.

"खेकड्याक कसलो वाटो?" बाबलकाका हसले. "दोरीक हात लावल्यार वाटो. तुका हात खंय?"

तिरकोबाला फार फार वाईट वाटलं. आता तानीमावशीला काय देणार? त्यानं तर कबूल केलं होतं.

तानीमावशी पुढे झाली. तिनं वाळूतली दोरी उचलली. वर, आणखी वर. दोरीला कोण लोंबकळत होतं? तिरकोबा! त्यानं दोरी अजून सोडलीच नव्हती.

बाबलकाकांचं हसू थांबलं. त्यांनी आपल्या वाट्यातला सगळ्यात मोठा बांगडा काढला.

"घे रे. ह्यो तुझो वाटो. हक्काचो."

केवढा तो बांगडा! तिरकोबानं तो ओढत ओढत तानीमावशीच्या पायाशी नेला. तुरू... तुरू... तिरका... तिरका...

"मावशी, तुझो बांगडो."

पोटात गुडगुड, गुडगुड. तानीमावशीनं ते ऐकलं. तिनं विळी घेतली. खच! खच!

"मधलो माझो. डोक्या तुझा. शेपटी तुझी."

"कित्याक?" तिरकोबानं विचारलं.

"गप खा!" तानीमावशी म्हणाली.

आणि तिरकोबा खरंच गप बसला. पहिल्यांदाच! कारण त्याचं तोंड मासळीनं भरलं होतं.

खेकडा गेला भोकात, लाट गेली दर्यात, आणि गोष्ट आली तुमच्या घरात.