बल्लाळाच्या नावाचे भाकीत

एका राज्यात, जिथे पावसापेक्षा दरबाराचीच चर्चा अधिक चाले, पाडव्याची रीत मोठी निराळी होती. इतर मुलखांत लोक गुढी उभारीत आणि पीकपाण्याचे वर्षफल ऐकत. इथे सारे नगर उंच मनोऱ्याखाली जमे आणि राजकारणाचे वर्षफल ऐके. कोणता सरदार चढेल, कोणता पडेल, कालचे वैरी कोणत्या महिन्यात गळ्यात गळे घालतील, हे सारे अमात्य मायदेव मनोऱ्यावरून सांगे. लोक तोंडात बोट घालून ऐकत आणि घरी जाताना बाजारहाट विसरत.

मनोऱ्यावर एक पिंगळा पक्षी बसे. मनोरा बांधणाऱ्या मांत्रिकाने त्याला तिथे बसवले होते, आणि तेव्हापासून त्याचे एक पीसही पिकले नव्हते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो गेल्या पाडव्याचे एकेक भाकीत मनुष्यवाणीने विचारी. खालून लोक गर्जत, "झाले!" की त्याच्या चोचीतून एक मोती अमात्याच्या ओंजळीत पडे. सारे बोल खरे ठरले की वर्ष सरे आणि दुसऱ्या दिवशी पाडवा उजाडे.

मायदेवाचे भाकीत कधी चुकत नसे. लोक म्हणत, त्याच्या जिभेवर तीळ आहे. तीळबीळ काही नव्हता. मायदेव आधी भाकीत करी आणि मग वर्षभर खपून ते घडवून आणी. दोघे भांडतील म्हणाला, की दोघांचे कान तोच भरी. अमका पदावरून जाईल म्हणाला, की त्याची चुगली महाराजांपाशी तोच करी. अशा मोत्यांची टपोरी कंठी त्याच्या गळ्यात रुळे, आणि या उद्योगाला तो मुत्सद्देगिरी म्हणे.

एका पाडव्याला मात्र त्याची भाकिते अगदी मिळमिळीत निघाली. खाली लोक जांभया देऊ लागले. काहीतरी झणझणीत हवे, म्हणून मायदेवाने गर्दीवरून नजर फिरवली. कडेला उत्तरेच्या खिंडीचा गढकरी बल्लाळ उभा होता. महाराजांना नजराणा द्यायला त्याने मधाचे मडके आणले होते.

"या वर्षी," मायदेव गरजला, "बल्लाळ बंड करील!"

गर्दी शहारली. जांभया थांबल्या. बल्लाळाने एकदा हातातल्या मडक्याकडे पाहिले, ते राजवाड्याच्या पायरीवर नीट ठेवले आणि तो खिंडीत निघून गेला.

मग मायदेवाने वर्षभर हेर धाडले, चिथावणारे धाडले. ते मध खाऊन गुबगुबीत होऊन परतले. बल्लाळ काही बिथरला नाही.

वर्षाचा शेवटचा दिवस आला. पिंगळ्याने विचारले, "बल्लाळाने बंड केले?" कोणीच 'झाले' म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, पण पाडवा उगवला नाही. पुन्हा तोच शेवटचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तोच. कडुनिंबाला पालवी फुटेना. अंड्यांतून पिल्ले बाहेर येईनात. भरल्या दिवसांच्या बायांना कळा येत आणि परत जात.

पिंगळा मायदेवाला म्हणाला, "अमात्य, वाटा दोन आहेत. बोल खरा कर, नाहीतर सर्वांदेखत मागे घे. मागे घेतलास तर हे मोती मोती राहणार नाहीत."

मायदेवाने कंठी चाचपली. "बंड होईल," तो म्हणाला, आणि महाराजांच्या कानी न घालता त्याने घोडा खिंडीकडे पिटाळला.

गढीच्या दारात उभा राहून त्याने फर्मावले, "बल्लाळा, तुझा नगारा सरकारजमा झाला."

"महाराजांचा हुकूम आहे?"

"आहे."

"मग न्यावा," बल्लाळ म्हणाला. "सांजेला नगारा वाजला की खालच्या वाडीतली माणसं दारं लावून घेतात. वाघरू फिरतं इथं. आता मी हाका मारून सांगत जाईन."

मायदेव दुसऱ्यांदा गेला तेव्हा हाका मारमारून बल्लाळाचा घसा बसला होता. "तुझी वडिलोपार्जित तलवार दे," मायदेव म्हणाला. बल्लाळाने तलवार तेल लावून पुसली, दोन्ही हातांवर ठेवून पुढे केली. मायदेवाला ती घेताना बल्लाळाकडे बघवेना. तरी त्याने घेतली.

तिसऱ्यांदा त्याने गढीच्या किल्ल्या मागितल्या आणि वर म्हणाला, "महाराज तुला फितूर समजतात."

बल्लाळाने कमरेच्या किल्ल्या काढून दिल्या आणि तो उंबऱ्यावर बसला. आत कोणीतरी कण्हत होते.

"माझी लेक आहे, लाखाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "रोज कळा येतात, रोज विरतात. अमात्य, मी बंड केल्यावाचून वर्ष सरायचं नाही, खरं ना?"

मायदेवाने मान डोलावली.

"मग मला शिकवावं. मला बंड येत नाही. महाराजांच्या निशाणावर दगड मारला तर पुरेल का? मागाहून माझी मान उतरवा. पण वर्ष सरू द्या. पोर सुटू द्या माझी."

त्या घटकेला मायदेवाला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. भाकीत खोटे आहे, मी मागे घेतो, एवढेच म्हणायचे होते. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण हात कंठीवर गेला, आणि त्याच्या तोंडून निघाले, "पुरेल."

दोघे नगराकडे निघाले. वाटेत ओढा लागला, तिथे बल्लाळ वाकून दगड शोधू लागला. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला, टाकला. शेवटी सुपारीएवढा एक गोटा त्याने धोतराला पुसून मायदेवाला दाखवला.

"हा चालेल? मोठ्या दगडानं निशाण फाटेल. महाराजांच्या आजोबांच्या वेळचं आहे ते."

उरलेली सारी वाट मायदेव बल्लाळाच्या मागून चालला. पुढे चालायची त्याला लाज वाटत होती.

मनोऱ्याखाली नगर जमले. महाराजही आले. पिंगळ्याने विचारले, "बल्लाळाने बंड केले?" बल्लाळाने डोळे मिटून गोट्याचा हात उचलला. मायदेवाने तो हात वरच्यावर धरला.

"नाही केले!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "त्याच्या मनातही नव्हते. तुम्ही जांभया देत होता, मला कोणाचे तरी नाव हवे होते, आणि हा समोर उभा होता. माझा बोल मी मागे घेतो. आधीचे खरे ठरले ते मीच काड्या करून खरे केले होते."

गळ्यातली कंठी खुळखुळली. मोत्यांच्या वाळक्या निंबोळ्या झाल्या आणि टपटप मातीत पडल्या. मायदेवाला वाटले, आता लोक धोंडे मारतील. कोणी मारला नाही. त्या पाडव्याला ते भाकीत ऐकताना सगळ्यांनाच मजा आली होती. जो तो खाली बघू लागला.

पिंगळा उडाला आणि कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी पाडवा उजाडला, कडुनिंब कोवळ्या पानांनी भरला, आणि खिंडीतून सांगावा आला की लाखाई बाळंत झाली, मुलगी आहे. महाराजांनी मायदेवाचे पद काढून घेतले. बल्लाळाला तलवार आणि किल्ल्या स्वहस्ते दिल्या, आणि विचारले, "आणखी काय हवे?"

"नगारा तेवढा मिळावा," बल्लाळ म्हणाला. "माझा घसा अजून बसलेला आहे."

कोणी सांगितले नव्हते, तरी मायदेव पुढे झाला. त्याने नगारा पाठीवर बांधला आणि भर बाजारातून, ओळखीच्या दारांवरून, वाकून चालत तो खिंडीपर्यंत नेला. गढीवर पोचेतो सांज झाली. तो टिपऱ्या खाली ठेवू लागला तसा बल्लाळ म्हणाला, "आजच्या दिवस आपणच वाजवा. मला नात बघायची आहे."

मायदेवाने नगारा वाजवला. खाली वाडीत एकेक दार लागू लागले. तो कोणाला दिसत नव्हता, तरी त्याने तोंड भिंतीकडे फिरवले होते.

आतून घोगरा आवाज आला, "जरा जोरानं, अमात्य. शेवटच्या घरी ऐकू गेलं नसेल."

मायदेवाने डोळे पुसले, आणि शेवटचे दार लागेपर्यंत तो वाजवत राहिला.