वडखोलच्या संघाची अदलाबदल

वडखोल नावाच्या गावात एक भोळा गडी राहायचा. त्याचं नाव धाकू. त्याला दोनच गोष्टी चांगल्या जमायच्या. एक, भराभर चालणं. दुसरी, सांगितलेलं ऐकणं. सांगितलेलं तो इतकं नीट ऐकायचा, की सांगणाऱ्याला नंतर पश्चात्ताप व्हायचा.

धाकू स्वतः कबड्डी खेळायचा नाही. पण वडखोलच्या कबड्डी संघावर त्याचा फार जीव. भात झोडून झालं की खोऱ्यातल्या आठ गावांचे सामने लागायचे. धाकू प्रत्येक सामन्याला रेषेच्या अगदी जवळ उकिडवा बसायचा आणि आपला गडी बाद झाला की खांद्यावरच्या टॉवेलचं टोक चावायचा. त्या वर्षी वडखोलनं सहा सामने खेळले आणि सहाही हरले. धाकूच्या टॉवेलचा रुमाल झाला.

आता सातवा सामना तेवढा उरला होता. तोही हरला, तर पुढच्या वर्षी वडखोलला कुणी खेळायला बोलावणार नव्हतं. नुसतं बघायला जायचं, तेही मागच्या रांगेत. या विचारानं धाकूला जेवण गोड लागेना.

एक सवलत मात्र होती. शेवटच्या सामन्याआधी गावांनी आपापसात खेळाडूंची अदलाबदल केली तर चालायचं. एक द्यायचा, एक घ्यायचा. जो घेतला त्याच्या नावाचा अर्ज त्याला घेणाऱ्या गावानं साळवी गुरुजींकडे पोचवायचा. गुरुजी शिवखोलला राहायचे आणि सगळ्या सामन्यांचे पंच तेच. मुदत शनिवारी सूर्य बुडेपर्यंत. सूर्य बुडाला की वही बंद.

वडखोलचा कर्णधार होता जनूदादा. धाकू त्याच्या मागेच लागला. जनूदादा दाढी करायला बसला की आरशात आधी धाकू दिसायचा. ‘दादा, माणसं बदला.’ जनूदादा गिरणीवर गेला की पिठाच्या डब्यापलीकडे धाकू. ‘दादा, बुधवार उजाडला.’ जनूदादा ओढ्यावर तोंडाला साबण लावून डोळे मिटून बसला, तरी आवाज यायचाच.

‘उंबरशेतचा भैरू पकडीला भारी आहे, दादा. त्याला घ्या, आपला चिंतामण देऊन टाका. चिंतामणला तसंही पकडीपेक्षा गप्पाच आवडतात.’

जनूदादाच्या डोळ्यात साबण गेला. पण धाकूचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. जनूदादानं दोन्हीकडे निरोप धाडले आणि बोलणी जमली. उंबरशेतचा भैरू यायचा, आपला चिंतामण जायचा. करंजपाड्याचा नाम्या यायचा, आपला भिकू जायचा. चिंतामण आणि भिकू त्याच संध्याकाळी पिशव्या घेऊन निघालेसुद्धा. चिंतामण तर वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत गेला.

आता नवीन दोघांना आणायचं कुणी? सगळा गाव गवत कापायला डोंगरावर. धाकू मात्र दारात उभाच होता.

गुरुवारी सकाळी जनूदादा त्याला म्हणाला, ‘भैरूला घेऊन ये. जेवणाच्या वेळेआधी आण. वाटेत कुठं थांबू नकोस.’

‘बरं,’ धाकू म्हणाला आणि गेला.

भैरू म्हणजे भाताची भरलेली कणगी. तो चालायला लागला की वाटेवरचे खडे बाजूला उडायचे. अर्ध्या वाटेवर झरा लागला. भैरूला पाणी प्यायचं होतं. धाकू म्हणाला, थांबायचं नाही. पुढं भैरूच्या चपलेचा अंगठा तुटला. धाकू म्हणाला, थांबायचं नाही. चप्पल मागं राहिली आणि भैरू पुढं आला. मग दुसऱ्या चपलेचा काय उपयोग, म्हणून त्यानं तीही टाकली. उन्हानं तापलेली दगडांची चढण तो अनवाणी चढला. वडखोलला पोचल्यावर तो जनूदादाच्या अंगणात बसला तो बसलाच. त्याचे तळपाय भाकरीसारखे फुगले होते.

जनूदादानं कपाळाला हात लावला. ‘अरे, केवढा जड माणूस तो. त्याला बैलगाडीत घालायचा. खाली गवत पसरायचं. उतारावर गडगडू नये म्हणून दोरीनं बांधायचा.’

‘बरं,’ धाकू म्हणाला. ‘आता कळलं.’

शुक्रवारी तो करंजपाड्याला गेला, नाम्याला आणायला. गाडी नेली. गवत नेलं. चांगली काथ्याची दोरी नेली.

नाम्या चढाईत पटाईत. अंगानं वेताच्या काठीसारखा, जोराचा वारा आला तर त्याची आई त्याला घरात बोलवायची. तो तयार होऊन दारातच उभा होता.

‘गाडी कशाला? मी धावत येतो की,’ नाम्या म्हणाला.

‘उतारावर गडगडशील.’

‘मी?’

 धाकूनं नाम्याला गळ्यापासून घोट्यापर्यंत भाताच्या भाऱ्यासारखा करकचून बांधला, गवतावर आडवा ठेवला आणि बैल हाकले. विहिरीवरच्या बायकांनी ते पाहिलं. एकीनं विचारलं, कुठं नेतोस रे त्याला? धाकूनं खरं ते सांगितलं, की ह्याच्या बदल्यात आम्ही एक माणूस दिलाय. बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि शेणाचे गोळे उचलले. दोन मैल गाडीमागं आरडाओरडा चालला होता. नाम्या ओरडून सांगत होता की हे कबड्डीसाठी आहे, पण तोंडात गवत गेल्यामुळं ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

वडखोलला त्याला सोडला तेव्हा अंगभर दोरीचे वळ होते आणि दोन्ही हात मुंग्यांनी बधिर झाले होते. चहाचा कपही त्याला धरता येईना. धाकूनंच तो त्याच्या तोंडाला लावला आणि अभिमानानं सांगितलं की एकदाही गडगडला नाही.

जनूदादानं चहाचा कप काढून घेतला. मग म्हणाला, ‘अरे, हा वाऱ्यासारखा गडी. जे हलकं आणि चपळ असतं ते बांधायचं नसतं. मोकळं सोडायचं. ते आपोआप पुढं येतं, आपण मागून चालायचं.’

‘बरं,’ धाकू म्हणाला. ‘आता कळलं.’

शनिवार उजाडला. भैरूचे पाय कोमट पाण्यात होते, नाम्याच्या हातांना तेल लावलं होतं. सामना आठवड्यानं होता, तोवर दोघंही ठणठणीत झाले असते. राहिला होता फक्त अर्ज. जनूदादानं एकाच कागदावर दोघांची नावं लिहिली. त्यावर उंबरशेत आणि करंजपाडा, दोन्हीकडच्या कर्णधारांच्या सह्या लागायच्या. त्या आणायला धाकू गेला.

सह्या त्यानं अगदी व्यवस्थित आणल्या. म्हणजे खिंडीपर्यंत आणल्या. खिंडीत वारा सुटला होता आणि तो वाहत होता बरोब्बर वडखोलच्या दिशेनं. धाकूच्या हातात कागद फडफडायला लागला. धाकूनं त्याच्याकडं पाहिलं. किती हलका. किती चपळ. आणि बिचाऱ्याची किती धडपड चाललीय. त्याला जनूदादाचे शब्द आठवले आणि आदल्या दिवशीची आपली चूक आठवून वाईटही वाटलं.

त्यानं कागद मोकळा सोडला.

कागद उंच गेला, एक गिरकी घेतली, थोडा वडखोलच्या बाजूला गेला आणि मग काय मनात आलं कोण जाणे, खालच्या रानात उतरला. तोपर्यंत धाकू पायाखाली बघत उतरायला लागला होता. घाई करायचं काही कारण नव्हतं.

अंगणात येताच त्यानं जनूदादाला विचारलं, ‘पोचला का?’

‘कोण?’

‘अर्ज. माझ्या आधी निघालाय.’

जनूदादा घरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायला. त्यानं दुसरा कागद घेतला, पुन्हा दोन्ही नावं लिहिली आणि स्वतः धावत सुटला. आधी उंबरशेत, मग करंजपाडा, मग परत. दोन्ही सह्या घेऊन आला तेव्हा चार वाजले होते आणि त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. त्याची बायको त्याचे पाय चोळत बसली. सूर्य कलायला लागला. शिवखोल तासाभराच्या वाटेवर. भैरू उभा राहू शकत नव्हता, नाम्या शिवखोलचं नाव काढलं तरी दोरीकडं बघायचा, आणि बाकीचे अजून डोंगरावर.

‘दादा, मी जातो,’ धाकू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ‘एकदा तरी आपण जिंकायला हवं, दादा.’

दुसरा इलाज नव्हता. जनूदादानं त्याला जवळ बसवलं, अर्जाची घडी केली, त्याच्या उजव्या हातात दिली आणि बोटं एकेक करून मिटवली.

‘कागद मोकळा सोडायचा नसतो. मुठीत धरायचा. वारा येऊ दे, पाऊस येऊ दे, साक्षात देव येऊन मागू दे, मूठ उघडायची नाही. काय?’

‘देवानं मागितला तरी उघडायची नाही.’

जनूदादानं हे तीनदा म्हणून घेतलं. तिन्ही वेळा धाकू चुकला नाही. ‘शाबास,’ जनूदादा म्हणाला. ‘आता नीघ. थेट गुरुजींच्या ओटीवर जायचं.’

धाकू असा चालला, असा चालला, की शिवखोलला पोचला तेव्हा सूर्य डोंगराच्या दोन हात वर होता. गुरुजी ओटीवर वही उघडून बसले होते. उंबरशेतनं चिंतामणचा अर्ज दिला होता, करंजपाड्यानं भिकूचा. दोघांची नावं त्या त्या गावाच्या पानावर गेली होती.

‘ये, तुझीच वाट बघत होतो,’ गुरुजी म्हणाले. ‘आणलास का अर्ज?’

‘आणलाय.’

‘दे.’

‘नाही.’

गुरुजींनी चष्मा वर केला. ‘मग आणलास कशाला?’

‘आणायला सांगितलाय. द्यायला नाही सांगितलेला.’

गुरुजींना वाटलं, पोरगं दमलंय. त्यांनी सुनेला चहा आणायला सांगितला. धाकू तो डाव्या हातानं प्यायला. सुनेनं चिवड्याची बशी उजव्या बाजूला ठेवली, तेव्हा धाकू फिरून बसला. गुरुजींनी समजावलं, की सूर्य बुडाला तर वडखोलचे दोन गडी गेले आणि आलेले दोन परत जाणार, पाच जणांनी कसं खेळायचं? धाकूला ते पटलं. त्यानं मान हलवली आणि मूठ आणखी आवळली. शेवटी गुरुजी उठून स्वतः त्याची बोटं सोडवायला लागले. सत्तरीच्या माणसाच्या हातात जोर तो किती. आणि हा तर देवालाही दाद द्यायची नाही म्हणून आलेला.

सूर्य डोंगराला टेकला. मग अर्धा झाला. मग नुसती लाल कड राहिली. मग तीही गेली. गुरुजींनी सुस्कारा सोडून वही मिटली.

धाकूनंही सुस्कारा सोडला. मोठं संकट टळलं होतं.

तो वडखोलला परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. गवत कापून आलेले सगळे जनूदादाच्या अंगणात जमले होते. जनूदादा भिंतीला धरून उभा राहिला. ‘वेळेत पोचलास?’

‘सूर्य दोन हात वर होता.’

अंगणात एकच जल्लोष झाला. कुणीतरी हलगी काढली. भैरू फुगलेल्या पायांवर उभा राहिला, नाम्यानं बधिर हातांनी टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. जनूदादानं धाकूला मिठी मारली आणि विचारलं, ‘गुरुजी काय म्हणाले?’

‘दे म्हणाले. गोड बोलून मागितला, चहा पाजून मागितला, शेवटी हिसकावायलासुद्धा आले.’ धाकूनं मूठ उंच करून सगळ्यांना दाखवली. बोटांमधून घामानं भिजलेला कागद डोकावत होता. ‘पण दादा, मी दिला नाही.’

हलगी थांबली.

जनूदादानं हात पुढं केला. ‘आण,’ तो कसाबसा म्हणाला. ‘आण तो कागद इकडं.’

धाकूनं झटकन मूठ पाठीमागं नेली आणि हसला. ‘परीक्षा बघताय होय, दादा?’